बाख वाजवताना पाय कुठे ठेवायचा?

गेल्या पावसाळ्यात पुण्यात एका मैत्रिणीच्या घरी आम्ही दहा-बारा हौशी पियानोवादक जमलो होतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा जमायचं, प्रत्येकानं एखादी रचना वाजवायची, मग चहा-पोहे, असा आमचा रिवाज आहे. यातलं कोणीच पियानोवर पोट भरत नाही. कोणी बँकेत, कोणी दाताचा डॉक्टर, दोघं निवृत्त शिक्षक. त्या दिवशी बँकेतल्या बाई जुन्या जर्मन संगीतकार बाखची रचना वाजवायला बसल्या. ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ या प्रील्यूड (मोकळी, आधी येणारी रचना) आणि फ्यूग (एकच सुरावट अनेक धारांतून एकामागून एक येणारी रचना) यांच्या जोड्यांच्या संग्रहाच्या पहिल्या भागातलं आठवं प्रील्यूड, ई-फ्लॅट मायनरमधलं. संथ, भारदस्त, दोन्ही हातांतून सावकाश उलगडत जाणाऱ्या स्वरसमूहांचं. पियानोखालच्या, स्वर लांबवणाऱ्या पेडलवर त्या उजवा पाय अगदी हलका ठेवत होत्या. जेमतेम टेकवायचा, लगेच उचलायचा. शेवटचा स्वर विरतो न विरतो तोच मागून कोणीतरी म्हणालं, “छान झालं हो, पण बाखला पेडल?” बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पाय स्टुलाखाली घेतले आणि तेच प्रील्यूड पहिल्यापासून पुन्हा वाजवलं. स्वर तेच, लय तीच. पण आता एकेक स्वरसमूह ओल्या वाळूत टाकलेल्या दगडासारखा पडत होता. पडला की संपला. मधल्या रिकाम्या जागेत खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या.

पुढचा तासभर वाद झाला आणि तो मला फार वाईट वाटला. मतभेद होते म्हणून नव्हे, वाद ज्या पद्धतीनं झाला त्यामुळे. एक बाजू म्हणत होती, बाखच्या काळी पेडल नव्हतं, तेव्हा विषय संपला. दुसरी बाजू म्हणत होती, आज बाख असता तर त्यानं पेडल आनंदानं वापरलं असतं. बाख वाजवणारी हौशी माणसं जिथे जिथे जमतात तिथे थोड्याफार फरकानं हेच ऐकू येतं. दोन्ही बाजू १७५० साली वारलेल्या माणसाला साक्षीला बोलावतात, आणि पाच मिनिटांपूर्वी समोर काय वाजलं याबद्दल कोणीच बोलत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. बाखच्या संगीतात एकाच वेळी चालणारी प्रत्येक स्वरधारा वेगळी ऐकू आली पाहिजे, आणि प्रत्येक स्वर लिहिला आहे तेवढा टिकला पाहिजे. जे पेडल याला हातभार लावतं ते योग्य, जे याच्या आड येतं ते अयोग्य. हा निवाडा त्या खोलीत, त्या पियानोवर, वाजवणाऱ्याच्या कानानंच करायचा असतो. ‘बाखला पेडल नाही’ हा सरसकट नियम वादकाची या कामातून सुटका करतो, म्हणून तो सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे.

पियानोच्या आत नेमकं काय घडतं ते पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि त्याच वेळी तारेवर बसलेली फेल्टची गादी, म्हणजे डॅम्पर, वर उचलली जाते. बोट सोडलं की डॅम्पर खाली बसतो आणि स्वर थांबतो. उजवं पेडल दाबलं की सगळे डॅम्पर एकदम उचलले जातात. मग वाजलेला स्वर बोट सोडल्यावरही घुमत राहतो, शिवाय न वाजलेल्या तारासुद्धा सतारीच्या तरफांसारख्या बोलू लागतात. म्हणजे पेडल केवळ स्वर लांबवत नाही, स्वराचा रंगच बदलतं. अगदी वरच्या दीडेक सप्तकातल्या तारांना तर डॅम्परच नसतात, कारण त्यांचा नाद आपसूकच लवकर विरतो. पेडल न वापरता पियानो पूर्ण ‘कोरडा’ वाजतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी वरची पट्टी टोकदार वाजवून बोट उचलून पाहावं. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या टोकानं तार छेडली जाते, बोट उचललं की कापडाचा तुकडा तारेवर बसतो. सगळे डॅम्पर एकदम उचलणारी सोय तिथे नाही. बाखनं घरात ज्या वाद्यांवर लिहिलं आणि शिकवलं, ती हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड हे पट्ट्यांचं हळू आवाजाचं छोटं वाद्य.

म्हणून बंदीवाल्यांचा, म्हणजे ‘बाखला पेडल नाही’ म्हणणाऱ्यांचा, पहिला मुद्दा भक्कम आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करते. हे संगीत बोटांसाठी लिहिलेलं आहे. स्वर किती टिकवायचा हे बोटानं ठरवायचं आणि कागदावर ते काटेकोर लिहिलेलं आहे. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे याच संग्रहातलं पहिलं, सी मेजरमधलं प्रील्यूड. शिकाऊ मुलंसुद्धा ते वाजवतात, आणि बहुतेक जण एकेक बार (मात्रांचा एक ठरावीक गट) पेडलखाली सपाट करून टाकतात. पण कागद नीट वाचा. प्रत्येक अर्ध्या बारात पाच स्वरांची एक आकृती आहे. पहिला, सर्वांत खालचा स्वर अर्धा बार धरायचा आहे. दुसरा त्याच्यामागून येऊन त्याच्यासोबत थांबतो. वरचे तीन स्वर मात्र सुटे आहेत, ते वाजतात आणि निघून जातात. म्हणजे जमीन आणि तिच्यावरून धावणारं पाणी अशा दोन गोष्टी बाखनं वेगळ्या लिहिल्या आहेत. पेडल पूर्ण दाबलं की दोन्ही एक होतात. ऐकायला गोड लागतं, पण लिहिलेलं नाहीसं होतं. पेडल टाळून, पहिली दोन बोटं पट्टीवर शांत ठेवून हे प्रील्यूड एकदा वाजवून पाहिलं की आपण इतकी वर्षं काय ऐकत नव्हतो ते कळतं.

दुसरा मुद्दा मला त्याहूनही मोलाचा वाटतो, कारण तो आम्हा हौशी मंडळींबद्दल आहे. पेडल चुका झाकतं. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना बोट आधीच सुटलं, अंगठा अडखळला, मधली धारा तुटली, तर पाय ते सगळं पोटात घालतो. ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंनी बाखचे दोन धारांचे ‘इन्व्हेन्शन’ सुरू केले तेव्हा पहिलं वर्षभर माझा उजवा पाय डाव्या पायामागे ठेवायला लावला होता. मला राग यायचा. आता वाटतं, त्या वर्षात मी जे शिकले त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. बोटांनी स्वराला स्वर जोडता येत नसेल तर पायानं जोडलेला स्वर खोटा असतो. रोज तासभर रियाज करणाऱ्या माणसाला पेडलचा मोह आवरला पाहिजे असं कोणी म्हणालं तर मी त्यांच्या बाजूला उभी राहीन.

पण ही शिस्त झाली. शिकताना पाळायची शिस्त आणि संगीताबद्दलचं सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वादात त्यांची सरमिसळ होते. पोहायला शिकवताना गुरुजी आधी काठ धरून पाय मारायला लावतात, म्हणून काठ सोडणं हा पोहण्यातला दोष ठरतो का? बोटं तयार व्हावीत म्हणून पाय बाजूला ठेवणं वेगळं, आणि बोटं तयार झालेल्या माणसाला ‘बाखला पेडल?’ म्हणून गप्प करणं वेगळं. आणि हा दुसरा नियम आला कुठून, याचा शोध घेतला तर तो बाखच्या घरातून आलेला दिसत नाही.

तो आला एकोणिसाव्या शतकावरच्या रागातून. बाखच्या मृत्यूनंतर त्याचं क्लॅव्हिअरचं संगीत जिवंत राहिलं ते पियानोवाल्यांमुळे. शॉपॅ १८३८ साली मायोर्का बेटावर गेला तेव्हा बाखच्या प्रील्यूड-फ्यूगचा संग्रह सोबत घेऊन गेला. पियानोशिक्षक चेर्नीनं १८३७ साली ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ची आवृत्ती काढली आणि तिच्यात वेग, जोर, स्वरांवरच्या कमानी, सगळं आपल्या मनानं भरलं, पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते बाखचंच समजून वाजवलं. पियानोवादक बुसोनीनं बाखच्या ऑर्गनवरच्या आणि व्हायोलिनवरच्या रचना पियानोवर आणल्या, त्यात पेडलचा समुद्र आहे. या साऱ्याची प्रतिक्रिया उमटणं साहजिक होतं. विसाव्या शतकात मूळ हस्तलिखितांवर आधारलेल्या स्वच्छ आवृत्त्या आल्या, हार्पसिकॉर्ड परत आला, आणि पियानोवाल्यांना अपराधी वाटू लागलं. पेडलबंदी ही त्या अपराधी भावनेची संतती आहे. ती समजण्यासारखी आहे. पण तिला परंपरा म्हणू नये.

शिवाय शुद्धतेलाही जन्मसाल असतं. वांदा लांदोव्स्का या थोर पोलिश वादिकेनं हार्पसिकॉर्ड पुन्हा रंगमंचावर आणला. १९३३ साली तिनं बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ (एकाच पायावरची तीस रूपं) ध्वनिमुद्रित केले, आणि त्या काळच्या श्रोत्यांना वाटलं, हाच तो खरा बाख. तिचा हार्पसिकॉर्ड प्लेयेल या पॅरिसच्या पियानो कारखान्यानं तिच्यासाठी १९१२ साली बनवलेला, पियानोसारखा जड बांध्याचा, आणि त्याला सात पेडलं होती. ती पेडलं तारांचे संच बदलण्यासाठी होती, डॅम्पर उचलण्यासाठी नव्हती, हे खरं. पण वाजवता वाजवता पायानं आवाजाचा रंग बदलणं बाखच्या ओळखीच्या हार्पसिकॉर्डवर शक्यच नव्हतं. पुढे १९४९ पासून बॉस्टनमध्ये हबर्ड आणि डाउड यांनी जुन्या हार्पसिकॉर्डांच्या बांधणीचा बारकाईनं अभ्यास करून वाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि काही दशकांत लांदोव्स्काचं वाद्य ‘अशुद्ध’ ठरलं. तिचं वादन मात्र आजही ऐकताना अंगावर काटा येतो. वीस-तीस वर्षांनी बदलणारी शुद्धता आपण एका बँकेतल्या बाईंच्या पायावर कोणत्या अधिकारानं लादतो?

आता ‘कोरडेपणा’ हाच त्या काळाचा आदर्श होता का, ते पाहू. माझ्या मते बंदीवाल्यांची बाजू इथे सर्वांत कमजोर आहे. सतराव्या शतकातले फ्रेंच हार्पसिकॉर्डवादक ल्यूट या बोटांनी छेडायच्या तंतुवाद्याच्या घुमण्यावर भाळलेले होते. तो घुमारा आपल्या वाद्यातून काढण्यासाठी ते स्वरसमूहाचे स्वर एकेक करून वाजवत आणि बोटं पट्टीवर तशीच ठेवत, म्हणजे सगळे स्वर एकमेकांत मिसळून घुमत. लुई कूपरँची मात्रा न बांधलेली प्रील्यूड्स पाहा. पानभर नुसते गोल स्वर आणि त्यांच्यावर लांबच लांब कमानी. काय धरून ठेवायचं हे कमान सांगते. म्हणजे ज्यांच्याकडे पेडल नव्हतं त्यांनी बोटांचंच पेडल केलं. त्यांना घुमारा नको असता तर ही खटपट त्यांनी कशाला केली असती? आपल्याकडे गाणाऱ्याच्या मागे तंबोरा अखंड झंकारत असतो. तो बंद करून, कोऱ्या शांततेत गाणं म्हणजे जास्त शुद्ध गाणं, असं कोणी म्हणेल का? फक्त तंबोऱ्याचा स्वर बदलत नाही आणि बाखचा पाया दर बारात बदलतो, म्हणून बाखमध्ये घुमारा जपून वापरावा लागतो. प्रश्न जपून वापरण्याचा आहे.

आणि पियानो बाखच्या आयुष्यात नव्हता असंही नाही. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या क्रिस्तोफोरीचा पियानो १७०० सालच्या यादीत नोंदलेला आहे. जर्मनीत फ्रायबेर्गच्या गोटफ्रीड झिल्बरमाननं १७३० च्या दशकात पियानो बनवायला घेतले. बाखनं त्यातला एक वाजवून पाहिला. आवाज त्याला आवडला, पण वरचे स्वर दुबळे आणि पट्ट्या जड आहेत असं त्यानं तोंडावर सांगितलं. झिल्बरमान दुखावला, पण वर्षानुवर्षं राबून त्यानं वाद्य सुधारलं, आणि मग बाखची पसंती मिळाली. १७४७ साली पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या दरबारात बाख झिल्बरमानच्या पियानोंवर वाजवून आला. या वाद्यांत सगळे डॅम्पर एकदम उचलण्याची सोय होती. पायाऐवजी हातानं खटका ओढायचा, त्यामुळे क्षणोक्षणी बदलता येत नसे. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल त्याच राजाच्या पदरी होता. वादनकलेवरच्या आपल्या ग्रंथाच्या १७६२ साली निघालेल्या दुसऱ्या भागात तो लिहितो की डॅम्पर उचललेला पियानोचा आवाज सर्वांत मनोहर आहे आणि सुचेल तसं वाजवत जाण्यासाठी सर्वांत मोहक आहे. मात्र त्याच्या गुंजनाला सांभाळायला लागणारी काळजी घेता आली पाहिजे.

या साऱ्यातून मला बाखच्या सहीचा परवाना काढायचा नाही. तसं केलं तर मीही मृत माणसाची साक्ष काढणाऱ्यांत जाऊन बसेन. बाखनं ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’चा पहिला भाग १७२२ साली पूर्ण केला, तो पियानो डोळ्यासमोर ठेवून केला असं मानायला काही आधार नाही. माझा मुद्दा एवढाच, की घुमणारा नाद त्या काळच्या कानांना परका नव्हता, उलट हवाहवासा होता; आणि त्या काळच्या जाणत्या वादकानं त्याबद्दल जो शब्द वापरला तो ‘काळजी’ हा आहे.

एक ठिकाण मला या वादात नेहमी आठवतं. पहिल्याच भागातला विसावा, ए मायनरमधला फ्यूग. लांबलचक, दमछाक करणारा. शेवटच्या काही बारांत खालचा ए हा स्वर धरून ठेवायचा आहे आणि त्याच्यावर दोन्ही हात पूर्ण गुंतलेले आहेत. तो स्वर धरायला तिसरा हात लागेल. हार्पसिकॉर्डवर ती तार तेवढा वेळ घुमतही नाही. पायानं वाजवायच्या पट्ट्या असलेलं वाद्य बाखच्या मनात असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि बाखच्या घरी तशा पट्ट्या जोडलेली वाद्यं होती, कारण त्याच्यामागे ती धाकट्या मुलाकडे, योहान क्रिस्तियानकडे गेली. आता आपल्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या पियानोवर, ‘बाखला पेडल नाही’ हा नियम पाळणारा माणूस इथे काय करणार? स्वर सोडणार, म्हणजे बाखनं लिहिलेलं मोडणार. की पेडल घेणार, म्हणजे नियम मोडणार? मी स्वतः तो ए वाजवून पाय अर्धाच टेकवते आणि वरच्या धारा धूसर होऊ लागल्या की पाय किंचित फडफडवते, जेणेकरून वरचे स्वर निघून जातात आणि जाड तारेचा नाद मागे उरतो. हे साधायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी त्या फ्यूगचा शेवट जितका ऐकला तितका आधी कधी ऐकला नव्हता.

बंदीवाल्यांचं शेवटचं अस्त्र म्हणजे मोठी नावं. आंद्राश शिफ बाख पेडलविना वाजवतात. कॅनडाच्या ग्लेन गूल्डनं १९५५ साली पेडल जवळजवळ टाळूनच ‘गोल्डबर्ग’ वाजवले आणि जग हलवलं. दोघंही थोर आहेत. शिफ यांच्या नुसत्या बोटांतून जे रंग निघतात ते ऐकून मी कित्येकदा रात्री उशिरापर्यंत बसले आहे. पण मग एडविन फिशरचं काय, ज्यानं १९३३ ते १९३६ दरम्यान ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ पहिल्यांदा संपूर्ण ध्वनिमुद्रित केलं आणि ज्याचा पाय मोकळा होता? स्वियातोस्लाव रिख्तरचं काय, ज्याचं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं साल्झबुर्गचं ध्वनिमुद्रण एखाद्या दगडी चर्चमध्ये उभं राहून ऐकल्यासारखं घुमतं? मोठ्या नावांनी वाद मिटत नाही. शिफ आपल्या निवडीचा, उत्तम जुळवलेला ग्रँड पियानो घेऊन अशा सभागृहात वाजवतात जिथे भिंतीच स्वराला थोडं लांबवतात. आपण दहा बाय बाराच्या खोलीत, पडदे-गाद्या-कपाटांच्या मध्ये, उभ्या पियानोवर नाहीतर डिजिटलवर वाजवतो. तिथे पाय पूर्ण काढून घेतला तर शिफ यांचा परिणाम येत नाही. ऑर्गनवाल्याला चर्चनं जे दिलं, हार्पसिकॉर्डवाल्याला लाकडी पेटीनं जे दिलं, ते त्या खोलीत कोण देणार?

आणि बंदी फक्त पायालाच का? बाख पियानोवर वाजवणारा माणूस आधीच पोलादी तारा वापरतो, ज्यांचा एकूण ताण वीसेक टन असतो. स्वर हळूहळू मोठा करत नेतो, जे हार्पसिकॉर्डवर होत नाही. बारा स्वर समान अंतरावर जुळवलेले असतात, जसे बाखचे बहुधा नव्हते. ‘गोल्डबर्ग’मधल्या तीस व्हेरिएशन्सपैकी अकरा पट्ट्यांच्या दोन रांगा असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी आहेत असं बाखनं छापून सांगितलंय, ती तो पट्ट्यांच्या एकाच रांगेवर हातात हात अडकवत वाजवतो. हे सगळं चालतं, आणि उजवा पाय टेकला की पाप. या हिशोबात सुसंगती कुठे आहे? खरं कारण मला असं वाटतं की पाय दिसतो. समान जुळणी डोळ्यांना दिसत नाही, तारांचा ताण दिसत नाही. पाय मात्र मागे बसलेल्या कोणालाही दिसतो, आणि न ऐकताही त्याच्यावर बोट ठेवता येतं.

आपल्याकडे हे एकदा घडून गेलं आहे. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप खरा होता: पेटीचे बारा स्वर ठोकळ्यासारखे पक्के, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. पण त्या एकतीस वर्षांत मैफलीत, कीर्तनात, नाटकात पेटी वाजतच राहिली. गोविंदराव टेंबे यांनी तिच्यातून जे गाणं काढलं होतं ते ऐकलेली माणसं बंदी घातली म्हणून ते विसरली नाहीत, आणि पुढे गोव्यातल्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी तिच्यावर जी गायकी आणली तिच्यामुळे आक्षेपाचं टोकच गेलं. पेटीतला दोष खरा होता आणि आहे. त्या दोषाच्या बाजूबाजूनं, तो ओळखून, गाणं कसं काढायचं हे मात्र बंदीनं कोणालाच शिकवलं नाही. ते शिकवलं कानानं. तुलना पुरती जुळत नाही, हे मला माहीत आहे. पेटी गाण्याच्या साथीला असते, आणि पेडल वाद्याच्या पोटात. पण ‘अमुक साधन अशुद्ध’ म्हणून दार लावून घेणं आणि ‘त्या साधनाशी कसं वागायचं’ ते शिकणं, यातला फरक दोन्हीकडे तोच आहे.

दुसऱ्या बाजूलाही मी सोडणार नाही. ‘बाख आज असता तर’ म्हणणारे अनेकदा पेडल शॉपॅसारखं वापरतात, म्हणजे पायाचा बदल स्वरसमूहाच्या बदलापुरताच पाहतात. शॉपॅत बहुतेक वेळा एक गाणारी धारा असते आणि खाली साथ. साथ धूसर झाली तरी गाणं वर तरंगतं. बाखच्या पाच धारांच्या सी-शार्प मायनर फ्यूगमध्ये साथ कोणती? तिथे प्रत्येक धारा गातेय, आणि धूसर झालेली धारा म्हणजे तोंडावर हात ठेवलेला गायक. हल्ली घरोघरी आलेल्या साध्या डिजिटल पियानोंवर पेडल नुसतं चालू किंवा बंद असतं, अर्धं, पाव असं काही नसतं. त्यावर शिकलेला पाय खऱ्या पियानोवर आला की दलदल होते. ‘पियानो आहे तर पियानोसारखं वाजवा’ हे वाक्य ऐकायला मोकळंढाकळं वाटतं, पण तेही ऐकण्याचं कष्ट टाळण्याचाच एक मार्ग आहे.

आणि हा सगळा वाद हौशी माणसांपाशी का आणायचा, असं कोणी विचारेल. कारण बाखनं ते संगीत आपल्यालाच दिलं आहे. त्यानं १७३१ साली स्वतःच्या खर्चानं छापलेल्या पार्टिटांच्या (नृत्यलयींवरच्या रचनामालिकांच्या) मुखपृष्ठावर लिहिलं आहे की हे ‘लीबहाबर’ मंडळींच्या मनोरंजनासाठी रचलं. लीबहाबर म्हणजे संगीतावर प्रेम करणारी माणसं, आपला ‘हौशी’ शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. १७४१ च्या ‘गोल्डबर्ग’वरही तेच लिहिलं आहे. त्याआधी १७२३ च्या इन्व्हेन्शनच्या मुखपृष्ठावर क्लॅव्हिअरवर प्रेम करणाऱ्यांना, विशेषतः शिकायची ओढ असणाऱ्यांना, त्यानं तीन गोष्टी द्यायचं कबूल केलं: दोन आणि पुढे तीन धारा स्वच्छ वाजवता येणं, नवी रचना सुचण्याची चव लागणं, आणि या सगळ्याच्या वर गाऊन वाजवण्याची रीत. ‘कांटाबेल’ असा शब्द त्यानं वापरलाय. त्या मुखपृष्ठावर कोणतं वाद्य हेही तो नेमकं सांगत नाही, क्लॅव्हिअर म्हणजे पट्ट्यांचं वाद्य एवढंच. लायप्झिगमध्ये त्सिमरमानच्या कॉफीघरात विद्यापीठातले विद्यार्थी त्याच्या हाताखाली दर आठवड्याला वाजवायचे. हे संगीत घरातून, कॉफीघरातून, शिकणाऱ्या माणसांच्या बोटांतून जगलं आहे. गाऊन वाजवा, असं ज्यानं सांगितलं त्याच्या नावानं कोणाला गाण्यापासून थांबवायचं?

मी स्वतः जे करते ते सांगते. नवी रचना बसवताना पहिले काही आठवडे पाय मागे. प्रत्येक धारा वेगळी वाजवायची आणि तोंडानं गायची. गाताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलनं खूण. बोटांनी सगळं जुळलं की मगच पाय, आणि तोही तिथे, जिथे बोट पोचत नाही किंवा खोली स्वर गिळून टाकते. मग मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून, पाठ फिरवून, खिडकीजवळ उभं राहून ऐकायचं. ऐकताना एकच धारा धरायची, बहुतेक वेळा मधली, कारण पेडल पहिला घास मधल्या धारेचा घेतं. ती कुठे हरवली तर पाय उचलायचा, आणि ती कुठे तुटली तर पाय टेकवून पाहायचा. काही प्रील्यूड्सना माझा पाय अजिबात लागत नाही. दुसऱ्या, सी मायनरमधल्या प्रील्यूडच्या पळत्या सोळांशांना पेडल लावलं तर धुरळाच उडतो. आठव्याला लागतं. बाविसाव्या, बी-फ्लॅट मायनरमधल्या प्रील्यूडच्या भरगच्च स्वरसमूहांना थोडं लागतं, आणि किती ते पियानो बदलला की बदलतं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा जमलो. बँकेतल्या बाईंनी तेच आठवं प्रील्यूड पुन्हा घेतलं. मला जागा मागच्या कोपऱ्यात मिळाली होती, मध्ये दोन रांगा. डाव्या हातातला एक उतरता स्वर मला पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकू आला. तो वरच्या गाण्याखालून निघून गेला आणि त्याच्या जागी पुढचा स्वर येईपर्यंत हवेत काहीतरी शिल्लक होतं. पाय दिसत नव्हते. मागच्या वेळी ज्यांनी विचारलं होतं ते माझ्या शेजारीच बसले होते, डोळे मिटून.